अंधेरीच्या मैदानावरील एक हंगाम

‘हंगाम’ हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘वेळ’ किंवा ‘समय’ एवढाच. मराठी शेतकऱ्यानें तो आपलासा केला आणि त्यास खरीप-रब्बीचा अर्थ दिला. पेरणी, खुरपणी, राखण व कापणी हें सारें मिळून एक हंगाम होतो. नुसती पेरणी म्हणजे हंगाम नव्हे, आणि नुसती कापणी तर नव्हेच नव्हे. हल्लीं हा शब्द वर्तमानपत्रांच्या क्रीडापृष्ठावर रोज वाचावयास मिळतो. ‘मुंबई संघाचा यशस्वी हंगाम’, ‘हंगामांतील अखेरची लढत’ असे मथळे दिसले कीं माझ्यासारखा जुना शिक्षक पान उलटून टाकी. खेळाला हंगाम कसला, असें मनांत येई. परंतु २०२३-२४ सालचा फुटबॉलचा हंगाम मला एका माजी विद्यार्थ्यामुळें जवळून पाहावा लागला, आणि ज्या प्रश्नाचें उत्तर मीं तीस वर्षांपूर्वीं मोठ्या खात्रीनें दिलें होतें तें चुकलें होतें, असें आतां वाटूं लागलें आहे. तो प्रश्न पुष्कळ घरांत आज ना उद्यां निघणारा आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या शाळेंत दहावीच्या वर्गांत एक मुलगा होता. अभ्यासांत मध्यम, वागणुकींत सरळ. परंतु मैदानावर उतरला कीं चेंडू त्याच्या डाव्या पायाशीं पाळीव जनावराप्रमाणें घोटाळे. त्या वर्षीं शाळेचा संघ आंतरशालेय स्पर्धेंत चांगला खेळत होता, आणि डिसेंबर महिन्यांत त्यांचे अवघे दोन सामने उरले होते. अशा वेळीं त्याचे वडील मजकडे आले. “सर, दहावीचें वर्ष आहे. ह्याचा खेळ बंद करावा काय?” असें त्यांनीं विचारलें. मीं क्षणाचाहि विलंब न लावतां सांगितलें, “आजपासून बंद.” मुलगा आज्ञाधारक होता. त्यानें बूट माळ्यावर टाकले व ते पुन्हां काढले नाहींत. शाळेचा संघ राहिलेले दोन्ही सामने हरला. ह्या त्यागामुळें मुलास परीक्षेंत अधिक गुण मिळाले असेंहि नाहीं; जेवढे मिळावयाचे तेवढेच मिळाले. पुढें तो पदवीधर झाला, एका बँकेंत लागला, मुलुंडला त्यानें बिऱ्हाड केलें. दर गुरुपौर्णिमेस तो न चुकतां येतो. त्यानें मला कधीं दोष दिला नाहीं. आणि म्हणूनच ती गोष्ट माझ्या मनांतून गेली नाहीं.

२०२३ च्या दिवाळींत तो आला तेव्हां म्हणाला, “सर, एकदां अंधेरीला सामना पाहावयास चला. माझी मुलगीहि येणार आहे.” मीं नाहीं म्हणणार होतों, पण ‘मुलगी’ हा शब्द ऐकून थांबलों. तेरा वर्षांची ही मुलगी आपल्या शाळेच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक आहे, असें तेव्हां कळलें. आमच्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात. माझ्या वहिनींनीं हें ऐकून “पोरीनें हातपाय मोडून घेतले म्हणजे?” एवढाच अभिप्राय दिला. मीं मात्र जावयाचें कबूल केलें.

अंधेरी पश्चिमेस वीरा देसाई मार्गावर मुंबई महानगरपालिकेचें शहाजी राजे भोसले क्रीडासंकुल आहे. त्यांतील फुटबॉलच्या मैदानास ‘मुंबई फुटबॉल अरीना’ म्हणतात. घाटकोपरहून तेथें जाणें सोपें; ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो सुरू झाल्यापासून आझादनगरला उतरलें कीं मैदान जवळच. ह्या मैदानाची एक आठवण सांगण्यासारखी आहे. १ जून २०१८ रोजीं येथें भारताचा चिनी तैपेईशीं सामना झाला, तेव्हां अडीच हजारांच्या आसपासच प्रेक्षक आले. भारताचा संघनायक सुनील छेत्री ह्यानें त्यानंतर एका चित्रफितीद्वारें लोकांस विनंति केली कीं, वाटल्यास आम्हांला नांवें ठेवा, पण मैदानावर या. ४ जूनला केनियाशीं झालेला सामना हा त्याचा देशासाठीं शंभरावा सामना होता. त्या दिवशीं भर पावसांत मैदान भरलें व भारतानें तीन गोलांनीं विजय मिळविला. खेळणाऱ्याप्रमाणें पाहणाऱ्यालाहि कांहीं कर्तव्य असतें, हें उपनगरवासीयांना त्या आठवड्यांत कळलें असावें.

आतां स्पर्धेची घडण थोडक्यांत सांगतों. कारण ती समजल्यावांचून पुढील गोष्टींत गोडी वाटणार नाहीं. ‘इंडियन सुपर लीग’ ही धंदेवाईक फुटबॉलची स्पर्धा २०१४ सालीं आठ संघांनिशीं सुरू झाली. ‘मुंबई सिटी’ हा त्यांपैकीं एक. पहिलीं दोन वर्षें हा संघ नेरूळच्या मैदानावर खेळला. २०१६ पासून अंधेरी हें त्याचें घर झालें. २०२३-२४ च्या हंगामांत एकंदर बारा संघ होते. प्रत्येक संघानें दुसऱ्या प्रत्येकाशीं दोनदां खेळावयाचें, एकदां आपल्या अंगणांत व एकदां त्याच्या. म्हणजे प्रत्येकाचे बावीस सामने होत. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एक, हरल्यास शून्य. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत हा जमाखर्च चाले, आणि अखेर ज्याचे गुण सर्वांत अधिक त्यास ‘ढाल’ मिळे. परंतु येवढ्यानें काम संपत नसे. पहिल्या सहा संघांची मग बाद पद्धतीनें पुन्हां स्पर्धा होई, व तींत जो टिकेल त्यास ‘चषक’ मिळे. शिक्षकाच्या भाषेंत सांगावयाचें तर ढाल ही वर्षभराच्या घटक चाचण्यांची बेरीज आणि चषक ही वार्षिक परीक्षा. दोहोंत पहिला येणारा विद्यार्थी एकच असेल असें नाहीं. आदल्या, म्हणजे २०२२-२३ च्या हंगामांत मुंबईनें ढाल जिंकली होती, पण चषक कलकत्त्याच्या मोहन बागान संघानें नेला होता.

मीं पाहिलेला पहिला सामना २० डिसेंबर २०२३ चा, आणि तोहि मोहन बागानशींच. मुंबईचा इंग्रज प्रशिक्षक डेस बकिंगहॅम नोव्हेंबरांत हंगाम अर्धा टाकून स्वदेशीं गेला होता व त्याच्या जागीं पेत्र क्रात्की हा चेक गृहस्थ नुकताच आला होता. मुंबईनें सामना दोन विरुद्ध एक असा जिंकला खरा. परंतु पंचानें त्या एका सामन्यांत सात लाल कार्डें दाखविलीं! चार मुंबईच्या व तीन पाहुण्यांच्या खेळाडूंस. प्रत्यक्ष संघनायक राहुल भेके ह्यालाहि त्यांत प्रसाद मिळाला. पस्तीस वर्षें वर्गांत शिस्त राखलेल्या मनुष्यास हें पाहून काय वाटलें असेल, हें सांगावयास नको. परततांना मेट्रोंत मीं विद्यार्थ्यास म्हटलें, “हेंच का तुझ्या मुलीस शिकवावयाचें?” तो कांहीं बोलला नाहीं. मुलगीच म्हणाली, “आजोबा, ज्याला लाल कार्ड मिळतें तो पुढच्या सामन्याला बाहेर बसतो. शिक्षा चुकत नाहीं.” विचार करतांना लक्षांत आलें कीं, शिक्षेची एवढी खात्री आमच्या शाळेंतहि नव्हती.

त्यानंतर मी वर्तमानपत्रांत गुणांचा तक्ता पाहूं लागलों. जानेवारींत ग्रेग स्टुअर्ट हा स्कॉटलंडचा नामांकित खेळाडू संघ सोडून गेला. तेव्हां आतां मुंबईचें कांहीं खरें नाहीं, असें पुष्कळांस वाटलें. पण संघ सांवरला. ह्या संघाची घडणहि पाहण्यासारखी होती. नांव मुंबईचें, परंतु लालियनझुआला छांगटे व अपुया हे मिझोरामचे, बिपिन सिंग मणिपूरचा, गोलरक्षक फुर्बा लाचेनपा सिक्कीमचा, होर्हे परेरा डियाझ अर्जेंटिनाचा. संघनायक भेके हा मात्र आपल्या मुंबईचा. हाच भेके ११ एप्रिल २०२२ रोजीं रियाध येथें इराकच्या हवाई दलाच्या संघाविरुद्ध विजयी गोल करून आला होता, आणि आशियाई चँपियन्स लीगमध्यें सामना जिंकणारा पहिला भारतीय संघ हा मान त्यामुळें मुंबईस मिळाला होता.

१५ एप्रिल २०२४ हा साखळीचा शेवटचा दिवस. एकवीस सामन्यांनंतर मुंबईचे ४७ गुण होते व मोहन बागानचे ४५. गांठ त्या दोघांचीच, तीहि कलकत्त्यास सॉल्ट लेकच्या विशाल मैदानावर. मुंबईला बरोबरी पुरे होती. परंतु मोहन बागाननें सामना दोन विरुद्ध एक असा जिंकला आणि ४८ गुणांनिशीं ढाल पटकावली. सात महिन्यांची मेहनत एका गुणानें गेली. त्या रात्रीं विद्यार्थ्याचा दूरध्वनि आला, म्हणाला, “पोरगी जेवली नाहीं.” मीं शहाणपणानें सांगितलें, “खेळांत हारजीत असायचीच.” हें वाक्य आपण मोठीं माणसें किती सहज उच्चारतों! हरलेल्यास त्याचा उपयोग काय, ह्याचा विचार मात्र करीत नाहीं.

पण खरी गोष्ट पुढेंच आहे. नऊ दिवसांनीं, २४ एप्रिलला, चषकाच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना फातोर्ड्यास गोव्याच्या संघाशीं झाला. नव्वदाव्या मिनिटास गोवा दोन शून्यानें पुढें होतें. तेथून पुढच्या सहा-सात मिनिटांत छांगटेनें दोन व विक्रम प्रताप सिंगनें एक असे तीन गोल झाले आणि मुंबईनें सामना तीन विरुद्ध दोन असा जिंकला! जे प्रेक्षक गर्दी टाळावयास पांच मिनिटें आधीं उठले असतील, त्यांनीं घरीं जाऊन काय सांगितलें असेल? २९ एप्रिलला दुसरा सामना अंधेरीस होता व आम्ही तिघेंहि हजर होतों. उत्तरार्धांत डियाझ व छांगटे ह्यांनीं गोल केले आणि मुंबई अंतिम फेरींत गेली. माझें लक्ष मात्र मुलीकडे होतें. सगळें मैदान गोल करणाऱ्याकडे पाहात असतां ती एकटी दूरच्या टोंकास उभ्या असलेल्या लाचेनपाकडे पाहात होती. “तो गोलच्या वेळीं काय करतो, तें बघायचं असतं,” असें तिनें मला समजावून सांगितलें. त्या हंगामाचें उत्कृष्ट गोलरक्षकाचें पारितोषिक पुढें लाचेनपासच मिळालें.

सामना सुटल्यावर बाहेरच्या रस्त्यावर, रिक्षांच्या गोंगाटांत, विद्यार्थ्यानें मला हळूच विचारलें, “सर, पुढल्या वर्षीं ही नववींत जाईल. हिचा खेळ आतां बंद करावा कीं चालूं द्यावा?” तोच प्रश्न! तीस वर्षांपूर्वीं त्याच्या वडिलांनीं विचारलेला. मी ह्या वेळीं लगेच उत्तर दिलें नाहीं. “हंगाम संपूं दे, मग सांगतों,” एवढेंच म्हटलें.

४ मे २०२४ रोजीं हंगाम संपला. पुन्हां तेंच सॉल्ट लेकचें मैदान, पुन्हां तोच मोहन बागान, साठ हजारांवर प्रेक्षक आणि त्यांतले बहुतेक सारे विरुद्ध पक्षाचे. मध्यंतरापूर्वीं मोहन बागाननें गोल केला. उत्तरार्धांत डियाझ, बिपिन सिंग व अगदीं शेवटीं याकूब वोय्तुश ह्यांनीं एकेक गोल करून मुंबईस तीन विरुद्ध एक असा विजय मिळवून दिला. ज्या मैदानावर एकोणीस दिवसांपूर्वीं ढाल गमावली, त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याकडून चषक जिंकला.

माझा एक भाचा टोरांटोस असतो. त्याला हें सारें कळविलें, तेव्हां त्यानें तिकडील बर्फावरील हॉकीची हकीकत लिहिली. तेथील ‘नॅशनल हॉकी लीग’ ही संस्था १९१७ सालीं मॉन्ट्रियल येथें स्थापन झालेली. २०२३-२४ च्या हंगामांत तींत बत्तीस संघ होते व प्रत्येकाचे ब्याऐंशी सामने! तेथेंहि साखळींत पहिला येणाऱ्यास एक पारितोषिक व नंतरच्या बाद स्पर्धेंत टिकणाऱ्यास लॉर्ड स्टॅनलीच्या नांवाचा चषक. त्या वर्षीं साखळींत न्यूयॉर्कचा रेंजर्स संघ पहिला आला, पण २४ जून २०२४ रोजीं चषक मात्र फ्लोरिडाच्या पँथर्स संघानें नेला. भाच्यानें पुढें लिहिलें होतें, “मामा, इकडे आईबाप कडाक्याच्या थंडींत पहाटे उठून मुलांना सरावाला नेतात. त्यांतला हजारांत एखादा धंदेवाईक होतो कीं नाहीं, कोण जाणे. पण कोणी मध्येंच थांबवीत नाहीं.” हें शेवटचें वाक्य मला लागलें.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, मास्तर म्हातारपणीं फुटबॉलवेडे झाले व मुलांस शाळेंतून काढावयास सांगणार. तसें नाहीं. ह्या धंद्याची दुसरी बाजूहि गृहस्थांनीं डोळे उघडे ठेवून पाहिली पाहिजे. खेळाडूची नोकरी कराराची. चषक उंचावणारा भेके त्याच उन्हाळ्यांत बंगळूरच्या संघांत गेला. अपुया तर मोहन बागानच्याच पोशाखांत दिसूं लागला. आणि २०२५ सालीं काय झालें पाहा. भारतीय फुटबॉल महासंघ व ही स्पर्धा चालविणारी कंपनी ह्यांच्यामधील पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजीं संपावयाचा होता. पुढील कराराचा निर्णय लागेना, म्हणून जुलैंत कंपनीनें आगामी हंगामच स्थगित ठेवला. कांहीं संघांनीं खेळाडूंचे पगार थांबविले. २०१९ पासून मुंबई संघांत मोठा वाटा असलेल्या सिटी फुटबॉल समूहानें डिसेंबरांत आपला वाटा सोडला. जानेवारी २०२६ मध्यें सरकारच्या मध्यस्थीनें कसाबसा मार्ग निघाला, आणि १४ फेब्रुवारीपासून चौदा संघांचा, प्रत्येकाशीं एकदांच खेळण्याचा आंखूड हंगाम ठरला. देशांतील पहिल्या प्रतीच्या खेळाडूंवर ही पाळी, तर इतरांची काय कथा? तेव्हां ‘फुटबॉल हेंच पोटाचें साधन’ असें तेराव्या वर्षीं ठरविणें हें धाडस होय. मुलींस तर ही वाट अधिकच अरुंद आहे. जरी भारताच्या मुलींनीं जुलै २०२५ मध्यें थायलंडला त्यांच्याच देशांत हरवून आशियाई स्पर्धेंत स्थान मिळविलें, ही अभिमानाची गोष्ट असली तरी.

परंतु ह्या घटनेंतूनहि मला माझी जुनी चूक दिसली. हंगाम स्थगित झाला तेव्हां खेळाडूंना जें दुःख झालें असेल तें केवळ पगाराचें नव्हे. ज्याची तयारी केली तें शेवटास नेतां येत नाहीं, हें तें दुःख. मीं त्या मुलाचा धंदा हिरावला नव्हता. तो फुटबॉलचा धंदेवाईक झाला असता असें त्यालाहि वाटत नाहीं. मीं त्याचे दोन सामने हिरावले. पेरलेलें शेत कापणीच्या तोंडावर सोडून देण्यास लावलें, आणि त्याला ‘शिस्त’ असें नांव दिलें. त्याचा संघ हरला, तेव्हां तो त्यांच्यांत नव्हता; हरण्यांतला वांटाहि त्यास मिळाला नाहीं.

अंतिम सामन्यानंतर आठ दिवसांनीं मीं विद्यार्थ्यास पत्र लिहिलें होतें. दूरध्वनीवर अशा गोष्टी नीट बोलतां येत नाहींत. त्यांत तीन गोष्टी कळविल्या. पहिली, हंगाम सुरू होण्यापूर्वीं घरच्या सर्वांनीं बसून ठरवावें. एकदां सुरू झाला कीं शेवटपर्यंत मोडूं नये, मग चाचणींत चार गुण कमी पडोत. दुसरी, खेळ पुढें पोट भरील काय, हा प्रश्न तेराव्या वर्षीं विचारूंच नये. आणि शाळा सुटेल अशी पाळीहि येऊं देऊं नये. दहावीचें वर्ष आल्यावर पुन्हां ठरवावें, पण तेंहि जूनमध्यें, डिसेंबरांत नव्हे. तिसरी, घरांतील एका तरी मोठ्या माणसानें तिचे सामने पाहावयास जावें. विशेषतः जे हरण्याचा संभव आहे ते. पत्राच्या शेवटीं, तीस वर्षांपूर्वींच्या उत्तराबद्दल मला जें लिहावयाचें होतें तें लिहिलें. त्याचें उत्तर आलें नाहीं. पण गुरुपौर्णिमेस तो आला तो नेहमीपेक्षां दोन तास अधिक बसला.

त्या वर्षाच्या डिसेंबरांत मी मुलुंडला तिचा एक सामना पाहावयास गेलों. मैदान उघडें, धूळ फार, प्रेक्षक म्हणजे दहा-बारा पालक. मुलीनें चार गोल खाल्ले. त्यांतला एक तर तिच्या हातांतून निसटलेला. सामना संपल्यावर ती हातमोजे काढीत आमच्याकडे आली. डोळे लाल झाले होते, पण रडत नव्हती. काय बोलावें तें मला सुचेना. ‘हारजीत असायचीच’ हें वाक्य ओठांवर आलें होतें तें मीं गिळलें. तिनेंच आपल्या बापाकडून पाण्याची बाटली घेतली, दोन घोट प्याली आणि मला म्हणाली, “आजोबा, अजून दोन सामने आहेत. रविवारी याल ना?”

मीं रविवारची वेळ विचारून घेतली.